वॉर्ड सांभाळून पीएचडी : एका परिसेविकेच्या पत्राला उत्तर

पत्र : मी ४१ वर्षांची आहे. सरकारी रुग्णालयात परिसेविका म्हणून मेडिसिनचा वॉर्ड सांभाळते. मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करून दहा वर्षं झाली, तेव्हा ५८ टक्के मिळाले होते. वॉर्डात बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) वाढलेत, रात्री माणसं पुरत नाहीत. मीटिंगमध्ये हे मांडलं की "सिस्टर, हे तुम्हाला वाटतं" एवढं ऐकून खाली बसावं लागतं. पीएचडी करावी असं फार दिवसांपासून मनात आहे. मैत्रिणी म्हणतात, ते शिकवणाऱ्यांचं काम, वॉर्डातल्या बाईला काय उपयोग? एक एजंट म्हणतो दीड वर्षात करून देतो, प्रबंधही लिहून मिळेल. एक सहकारी म्हणते, टीचिंग प्रोग्रॅमचा विषय घे, पटकन होतं. मुलगी यंदा दहावीला आहे. काय करू?
— एक परिसेविका, विदर्भ

उत्तर :

ताई, आधी त्या एजंटाचा विषय मिटवू. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएचडीची नियमावली अधिसूचित केली. त्यानुसार कोर्सवर्क (सुरुवातीला पूर्ण करायचा अभ्यासक्रम) धरून पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात आणि ती दूरशिक्षणाने करता येत नाही. म्हणजे दीड वर्षात हाती पडेल तो कागद पदवीचा नसेल. लिहून मिळालेल्या प्रबंधाचं पुढे काय होतं तेही सांगतो. प्रबंध उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्याच्या वर सुधारून द्यावा लागतो, साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. त्यातून सुटला तरी तो शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, सगळ्यांना वाचायला उपलब्ध राहतो. तुमच्याच हाताखालची एखादी मुलगी उद्या एम.एस्सी.साठी तो उघडेल आणि तक्ते कुठून उचललेत ते तिला दिसेल. त्या माणसाचा फोन घेऊ नका.

आता मैत्रिणींचा प्रश्न. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सरकारी सेवेत परिसेविकेची सहायक अधिसेविका आणि पुढे अधिसेविका (मेट्रन) होणं ज्येष्ठतेवर चालतं. पीएचडीमुळे यादीत तुमचं नाव वर सरकणार नाही. नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यपदालासुद्धा भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत एम.एस्सी. आणि अनुभव आवश्यक आहे, पीएचडी इष्ट म्हटली आहे. खासगी मोठ्या रुग्णालयांत नर्सिंग प्रमुखाच्या पदासाठी ती जमेची बाजू ठरते, पण तिथेही आधी अनुभव बघतात. तेव्हा बढती एवढंच कारण असेल तर पाच-सहा वर्षं यात घालू नका, असं आम्ही स्पष्ट सांगू.

पण तुमच्या पत्रातली अडचण बढतीची नाही. "हे तुम्हाला वाटतं" या वाक्याला तुमच्याकडे उत्तर नाही, ही आहे. आणि या एका गोष्टीसाठी पीएचडीइतकं चांगलं प्रशिक्षण दुसरं नाही. प्रश्न नेमका कसा विचारायचा, मोजायचा कसा, मोजताना आपलीच फसगत कुठे होते आणि मोजलेलं ज्यांना ऐकायचं नाही त्यांच्यासमोर कसं ठेवायचं, हे ती शिकवते. आमच्या मते नर्सिंगमधलं नेतृत्व बहुतेक वेळा इथेच अडतं. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला वॉर्डात काय चुकतंय ते बरोबर कळलेलं असतं, पण तिच्या हातात आकडा नसतो.

म्हणून नोंदणीच्या आधी एक काम करा. त्याला ना परवानगीची फाइल लागते, ना पैसे. तुमच्या वॉर्डात रात्री बाराचा सेन्सस, म्हणजे त्या वेळी भरती असलेल्या रुग्णांची संख्या, लिहिला जातोच. महिन्याभराच्या त्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या महिन्याचे रुग्ण-दिवस. समजा तीस खाटांच्या वॉर्डात जून महिन्याची बेरीज ८४० आली आणि त्या महिन्यात नवीन बेडसोअर पाच झाले. पाच भागिले ८४०, गुणिले हजार : साधारण सहा. दर हजार रुग्ण-दिवसांमागे सहा. हा आकडा सांगितला की समोरच्याला "वाटतं" म्हणता येत नाही, फार तर "कसं मोजलं" असं विचारावं लागतं.

आणि "कसं मोजलं" यातच सगळी मेख आहे. नवीन बेडसोअर म्हणजे आपल्याकडे आल्यावर झालेला. घरून किंवा दुसऱ्या रुग्णालयातून घेऊन आलेला वेगळा लिहायचा. त्यासाठी भरती झाल्या झाल्या, त्याच ड्यूटीत, रुग्णाला कुशीवर करून माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू बघून लिहून ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो घरचा की आपला हे ठरवता येत नाही. पहिल्या पायरीचा बेडसोअर पुस्तकात लाल दिसतो. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली नीट दिसत नाही. तिथे बोटाने चाचपून आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का, हे बघायचं. हे शिकवलं नाही तर एक सिस्टर पाच शोधेल आणि दुसरी एकही नाही. म्हणून निदान पंधरा-वीस रुग्ण दोघींनी वेगवेगळे तपासून, न बोलता लिहायचे आणि मग कागद जुळवायचे. जुळत नसतील तर पुढचं सगळं मोजमाप कच्चं.

अजून एक. तुम्ही नीट बघायला लागलात की पहिल्या दोन महिन्यांत आकडा वाढेल. बेडसोअर वाढलेले नसतात, सापडायला लागलेले असतात. हे माहीत नसलं की माणूस घाबरून नोंदी सैल करतो, किंवा वरचे म्हणतात, "बघा, तुमच्या उपक्रमाने वाढले." सुधारणा सुरू करण्याआधी निदान दोन-तीन महिने त्याच तक्त्यावर नुसतं मोजायचं, ते याचसाठी. फक्त एवढं लक्षात ठेवा : ही मोजणी वॉर्डाच्या गुणवत्तेसाठी आहे. तीच माहिती प्रबंधात वापरायची तर आचारसंहिता समितीची (एथिक्स कमिटीची) मान्यता आधी लागते, मागाहून मिळत नाही.

सहकारीण म्हणते त्या विषयाबद्दल. 'अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता' असे प्रबंध शोधगंगावर शोधा, वाचता वाचता दमाल. पूर्वचाचणी, तासभराचं व्याख्यान, सात दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका, गुण वाढले. गुण वाढणारच, तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा सोडवली तर व्याख्यानाशिवायही थोडे वाढतात. ज्ञान वाढल्यावर रुग्णाची कूस बदलली का, हे त्यात कुणी बघत नाही. दोन तासांनी कूस बदलायची हे तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला पाठ आहे. रात्री दोघीच असताना ते का होत नाही, हा खरा प्रश्न आहे. तुमचं नाव पुढे ज्या कामाने ओळखलं जाणार, ते काम पटकन होतं म्हणून निवडू नका.

तुम्ही बेडसोअरच घ्या, असा आमचा आग्रह आहे. पण आराखडा करताना फसाल अशी जागा सांगून ठेवतो. सहज सुचतं ते असं : एका वॉर्डात नवी पद्धत, दुसऱ्यात जुनी, आणि तुलना. यात दोन वॉर्डांमधला फरक पद्धतीमुळे की त्या वॉर्डातल्या सिस्टर, रुग्ण आणि गाद्यांमुळे, हे कोणत्याही गणिताने वेगळं काढता येत नाही. दुसरी अडचण संख्येची. बेडसोअरचं प्रमाण शंभरात दहावरून पाचवर आलं हे ८० टक्के खात्रीने पकडायचं तर प्रत्येक गटात साधारण ४३५ रुग्ण लागतात. त्यात एका वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, कारण त्यांना हात लावणारी माणसं तीच. हे साम्य शून्य (काहीच नाही) ते एक (पूर्ण) असं मोजतात. ते अगदी ०.०२ इतकं थोडं असलं आणि वॉर्डामागे ५० रुग्ण घेतले तरी (५० मधून एक वजा करून) १ + (४९ × ०.०२) = १.९८. म्हणजे संख्या जवळजवळ दुप्पट करावी लागते. हा गुणाकार न करता रुग्णांची संख्या ठरवलेले प्रबंध पुष्कळ आहेत. परीक्षकाने हे विचारलं की तोंडी परीक्षेत उत्तर नसतं.

त्यापेक्षा सहा वॉर्ड घ्या. दोन महिने सगळीकडे नुसती मोजणी, मग दर दोन महिन्यांनी एकेका वॉर्डात नवी पद्धत सुरू. चौदा महिन्यांत सहाही वॉर्ड येतात. प्रत्येक वॉर्ड आधी आणि नंतर स्वतःशीच ताडून बघता येतो आणि शिवाय त्याच वेळी अजून सुरू न झालेल्या वॉर्डांशीही. कोणत्या वॉर्डाचा नंबर कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर उत्साही सिस्टरचा वॉर्ड आपोआप पहिला येतो. कुणाही रुग्णाला चांगल्या सेवेपासून कायमचं बाजूला ठेवलं असंही होत नाही. यासाठी सांख्यिकीतज्ज्ञ आराखड्याच्या दिवसापासून बरोबर हवा. माहिती गोळा झाल्यावर "जरा ॲनालिसिस करून द्या" म्हणून गेलात तर त्याच्या हातातही फारसं काही उरलेलं नसतं. हस्तक्षेप असलेला, म्हणजे नवी पद्धत लावून बघणारा, हा अभ्यास भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत घालावा लागतो, तोही पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही आणि ती नसली की चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतात.

ह्या आराखड्याकडे आमचा ओढा असण्याचं आणखी एक कारण आहे. सहा वॉर्डांत काही बदलायचं तर पाच परिसेविकांना पटवावं लागेल. स्टोअरकडून एअर मॅट्रेस मिळवाव्या लागतील, मामा-मावशींच्या (वॉर्डातल्या मदतनिसांच्या) ड्यूट्या कूस बदलण्याच्या वेळांशी जुळवाव्या लागतील, डॉक्टरांच्या राउंडमध्ये जागा मिळवावी लागेल. यातलं काहीही प्रबंधात फार तर दीड पान येईल, पण तुम्ही अधिसेविका व्हाल तेव्हा रोज लागेल ते हेच.

आचारसंहितेत तुमच्यासाठी एक खास अडचण आहे. तुम्ही इन-चार्ज. तुमच्या सिस्टरांना तुम्हीच फॉर्म दिलात तर त्या नाही म्हणतील का? ड्यूटी तुम्ही लावता, रजा तुमच्या सहीने पुढे जाते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत हाताखालच्या कर्मचाऱ्यांना विशेष संरक्षण द्यायला सांगितलं आहे ते याचसाठी. त्यांच्याकडून काही भरून घ्यायचं असेल तर फॉर्म दुसऱ्या कुणीतरी वाटावेत, नाव नसावं, बंद लिफाफ्यात पेटीत टाकावेत आणि कोणी भरला, कोणी नाही, हे तुम्हाला कळू नये. प्रस्तावात हे आपणहून लिहा, समितीचा एक फेरा वाचतो.

रुग्णांना काही विचारणार असाल तर इंग्रजी प्रश्नावलीचा मराठी अवतार हे स्वतंत्र काम आहे. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, मग फरक बघायचे. कागदावर 'वेदना' लिहाल, रुग्ण 'ठणका', 'कळ', 'आग', 'रग' म्हणेल आणि चारही वेगळं सांगत असतील. 'त्रास' हा शब्द तर टाळाच, त्यात दुखणं, धाप आणि नातेवाइकांचा जाच सगळंच येतं. तयार मोजपट्टी (गुण देऊन मोजायची प्रश्नावली) वापरण्याआधी तिच्या मूळ लेखकाची लेखी परवानगी घ्या. काहींसाठी पैसे पडतात, ते नोंदणीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आता प्रवेशाचं. आयोगाच्या नियमांत पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, तुमचे ५८ आहेत. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. पात्रतेला ५० टक्के. पुढे मुलाखत आणि गुणवत्तेत परीक्षेला ७०, मुलाखतीला ३० असं वजन. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यातही ५५ टक्के मिळवावे लागतात. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, मुंबईचं एसएनडीटी, शिवाय सावंगी, कराड, लोणी, पुणे इथली अभिमत विद्यापीठं हे महाराष्ट्रातले पर्याय. बाहेरचा म्हणजे भारतीय परिचर्या परिषदेने बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर चालवलेलं नर्सिंग पीएचडीचं राष्ट्रीय कन्सॉर्शियम (संयुक्त कार्यक्रम). ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची त्या विद्यापीठाची अधिसूचना शब्द न् शब्द वाचा. शुल्क, जागा, तारखा तिथल्याच खऱ्या.

विद्यापीठापेक्षा गाइड महत्त्वाचा. गाइडच्या हाताखाली एका वेळी किती विद्यार्थी असू शकतात याला मर्यादा आहे : प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. जागा रिकामी आहे का हे पहिल्याच भेटीत विचारा. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, हेही बघा. मग त्यांच्याकडे सध्या असलेल्या दोन विद्यार्थिनींना फोन करा आणि एकच विचारा : पाठवलेलं प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागतात? पंधरा दिवस उत्तम, महिनाही चालेल. "मॅडम खूप बिझी असतात" असं उत्तर आलं तर नाव कितीही मोठं असो, तिथे जाऊ नका. गाइड नर्सिंगची आणि सहगाइड सामाजिक वैद्यकशास्त्राचा किंवा सांख्यिकीचा, अशी जोडी तुमच्या विषयाला बरी पडेल.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडीला नियमांत मुभा आहे. त्यासाठी कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, कामातून पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. तिसरं वाक्य नसलेलं प्रमाणपत्र घेऊन आलेल्यांची कोर्सवर्कच्या वेळी रजेसाठी धावपळ होते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती कोर्सवर्कला उडवण्यापेक्षा शेवटच्या लेखनासाठी राखून ठेवावी, असं आम्ही सुचवू. माहिती गोळा होत असताना तुम्ही तसंही वॉर्डात असायला हव्यात.

बदलीचा विचारही आजच करा. चौदा महिन्यांच्या मोजणीत आठव्या महिन्यात बदलीचा आदेश आला तर? आताच्या ठिकाणी किती वर्षं झाली ते बघा आणि मोजणी पूर्ण होईल असा काळ शिल्लक असेल तेव्हाच ती सुरू करा. प्रत्येक वॉर्डात तक्ता भरणारी एक सिस्टर शिकवून तयार ठेवा, म्हणजे तुम्ही नसलात तरी नोंदी थांबणार नाहीत.

घराबद्दल : मुलीची दहावी पार पडू द्या. हे वर्ष वाया जात नाही. प्रवेश परीक्षेचा अभ्यास, वॉर्डातली मोजणी आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेचा संशोधनाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम एवढं सहज होईल. नोंदणीनंतर आठवड्याला दहा तास धरून चला, नाइटच्या आठवड्यात शून्य. पीएचडीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही नियमांत आहे. सासर-माहेर कुणीही "एवढी वर्षं?" म्हणालं तर हे आकडे दाखवा. पण मनात पाचच धरा.

लेख छापून आणण्याची सक्ती आयोगाच्या २०२२च्या नियमांत राहिलेली नाही, तरी विद्यापीठ आपली अट घालू शकतं. आठ दिवसांत छापतो म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांना मात्र एक ओळही देऊ नका, तुमचे सहा वॉर्डांचे कष्ट तिथे मातीत जातील.

या महिन्यात दोन कागद तयार करा. एक अर्ध्या पानाचं पत्र, गाइडसाठी : वॉर्ड कोणता, प्रश्न काय, गेल्या महिन्याचा दर हजारी आकडा, कोणत्या सहा वॉर्डांपर्यंत पोहोचू शकता आणि त्यांच्याकडून काय हवं. दुसरा ना-हरकतीचा अर्ज, अधिसेविकांमार्फत, योग्य मार्गाने. त्याच्या दोन प्रती काढा आणि आस्थापना शाखेत एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. फाइल पुढच्या टेबलावर सरकली नाही तर चौकशी त्याच क्रमांकाने होते.